पाय दिसले का? मग ती सापसुरळी

कुंडी सरकवली की खालून तपकिरी, चकचकीत असं काहीतरी सळसळत निघून जातं आणि घरात ‘साप, साप’ असा ओरडा होतो. मग खराटा, काठी, हाताला लागेल ते घेऊन लोक धावतात. मार खाणारी बऱ्याचदा सापसुरळी असते. कुणी तिला सापाची मावशी म्हणतं, ती चावली तर माणूस वाचत नाही असंही छातीठोकपणे सांगतं. खरं तर तिच्यात विषाचा थेंबही नाही. जगात सापसुरळ्यांच्या दीड हजारांहून अधिक जाती आहेत आणि त्यातली एकही विषारी नाही.

ती पाली-सरड्यांच्या गोतातली. आपल्या बागेत दिसणाऱ्या सापसुरळीला चार पाय असतात, प्रत्येकाला पाच बोटं. पण पाय आखूड, आणि पाचोळ्यात शिरताना ती ते अंगालगत मागे घेते, त्यामुळे धावपळीत ते दिसतच नाहीत. ती ऊन खायला दगडावर येऊन बसली की थोडं लांब थांबून निरखा. डोळ्यामागे कानाचं छिद्र दिसेल, सापाला ते नसतं. थोडा धीर धरलात तर ती डोळे मिटतानाही दिसेल. सापाला पापण्या नसतात. आपल्या भिंतीवरच्या पालीलाही नसतात, म्हणून पाल जिभेने डोळे पुसते.

डोकं, मान आणि धड जवळपास एकाच जाडीचं, म्हणून ती सापासारखी वाटते. पण ही ठेवण पाचोळ्यातून सरपटण्यासाठीच आहे. तिच्या खवल्यांखाली हाडाच्या पातळ चकत्या असतात, त्यामुळे अंग टणक आणि गुळगुळीत राहतं, ओल्या मातीतून निघाली तरी स्वच्छ. बागेत नेहमी दिसणाऱ्या मोठ्या सापसुरळीच्या पाठीवरच्या खवल्यांवर बारीक उभ्या कडा असतात, बहुधा तीन. सकाळचं तिरपं ऊन पडलं की पाठ कांस्यासारखी झळकते आणि दोन्ही बाजूंच्या फिकट रेघा उठून दिसतात.

ठिपक्यांची सापसुरळी चणीने लहान, बोरूसारखी बारीक. निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली तिला शास्त्रीय नाव दिलं. तिच्या पिल्लाची शेपटी लालभडक असते. लोक या रंगालाच जास्त घाबरतात. पण मांजर किंवा भारद्वाज झडप घालतो तो त्या लाल वळवळीवर, आणि डोकं वाचतं. शेपटीच्या मणक्यांमध्ये तुटण्याच्या जागा आधीच ठरलेल्या असतात. तुटलेला तुकडा काही वेळ वळवळत राहतो, तोवर ती पसार. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणक्यांऐवजी कूर्चेची दांडी असते. जुन्या शेपटीत साठवलेली चरबीही गेलेली असते. म्हणून गंमत म्हणून तिला डिवचू नये, तिला ही गंमत फार महागात पडते.

आपल्या मातीचं नाव लागलेली सापसुरळीही आहे. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या जंगलातल्या जातीचं वर्णन सरीसृपतज्ज्ञ कार्ल श्मिट यांनी 1926 साली केलं आणि जातीच्या नावात आलापल्ली कायमचं आलं.

झुरळं, नाकतोडे, रातकिडे, अळ्या, कोळी हे तिचं खाणं. दिवसभर ती वाफ्यांतून हिंडते आणि ते वेचते. तिला हवा असतो पाचोळा, चार दगड आणि थोडी ओल. बाग रोज झाडून लख्ख केली, पाचोळा पेटवला, कीटकनाशक मारलं की तिचा आडोसाही जातो आणि अन्नही. कुंपणाकडेचा एक कोपरा न झाडता सोडला तरी तिला पुरे. उंदरांसाठी लावलेला चिकट सापळा मात्र बागेत किंवा दाराशी ठेवू नका, त्यात तीच अडकते. अडकलीच तर ओढू नका. खाद्यतेल हळूहळू सोडत राहिलं की गोंद सुटतो.

कुंडीतली माती बदलताना पांढरी, लांबट, मऊ कवचाची अंडी सापडली तर ती तिची असू शकतात. पालीची अंडी गोल आणि टणक असतात. अंडी फिरवू नका, कारण आतला जीव एका बाजूला चिकटलेला असतो आणि अंडं उलटलं तर तो दगावू शकतो. जी बाजू वर होती तीच वर ठेवून वर ओलसर माती लोटा आणि ती कुंडी काही आठवडे तशीच राहू द्या.