चिकूचा टेम्पो आणि बिनहवेचा टायर

चारोटी नाका सोडून तलासरीकडे निघाले की महामार्गाच्या कडेला ठिकठिकाणी बांबूला टांगलेला जुना टायर दिसतो. तो टायर हीच दुकानाची पाटी. आत कॉम्प्रेसर, टॉमी, सोल्यूशनची डबी आणि ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायला पाण्याचा टब. अपरात्री मुंबई–अहमदाबाद रस्त्यावर चाक बसले तर या टपरीइतका मोठा आधार नाही.

या टपरीची गरजच संपवण्याचा प्रयत्न जगात बरीच वर्षे चालू आहे. मिशेलिनने 2005 मध्ये ‘ट्वील’ दाखवला. चाक आणि टायर एकच, हवेच्या जागी लवचीक आरे. 2019 मध्ये याच कंपनीने जनरल मोटर्ससोबत मोटारींसाठी ‘अप्टिस’ जाहीर केला. त्याचे आरे काचतंतूंनी बळकट केलेले. 2024 पर्यंत तो मोटारींवर आणण्याचा मानस होता. ते वर्ष सरले, तरी तो अजून कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानात पोचलेला नाही. सिंगापुरात डीएचएलच्या सुमारे 50 व्हॅनवर त्याची चाचणी सुरू झाली. शहर सपाट, वेग बेताचा, फेऱ्या ठरलेल्या: अशा कामाला तो शोभतो.

डहाणूचे काम वेगळे. घोलवड-बोर्डीच्या वाडीतून चिकू भरायला टेम्पो रिकामा जातो, येताना मागचे पाटे दबेपर्यंत भरलेला असतो. ड्रायव्हर काय करतो? निघण्याआधी मागच्या चाकांत हवा वाढवून घेतो. हवा ही मुळात स्प्रिंग आहे, आणि तिचा ताठरपणा दोन मिनिटांत बदलता येतो. आऱ्यांचा ताठरपणा कारखान्यातच कायमचा ठरतो. भरलेल्या टेम्पोला पेलणारे आरे रिकाम्या टेम्पोला आदळवणार, आणि रिकाम्यावर मऊ चालणारे आरे भाराखाली वाकणार. पंक्चर नसण्याचे सुख मोठे खरे, पण ही सोय गमावून मिळणारे.

दुसरी अडचण उष्णतेची. साधारण 60 सेंटिमीटर व्यासाचे चाक ताशी 80 किलोमीटर वेगाने सेकंदाला सुमारे 12 फेरे घेते, म्हणजे प्रत्येक आरा सेकंदाला 12 वेळा दबतो आणि उसळतो. त्यातून उष्णता साठते, घरघर आणि थरथर वाढते. मे महिन्यात तापलेल्या काँक्रीटच्या महामार्गावर याची परीक्षा अधिकच कठीण. पुढे पावसाळा. वाडीच्या वाटेवरचा चिखल उघड्या आऱ्यांत एका बाजूला अडकून वाळला तर चाकाचा तोल जाणार.

कायद्याचेही पाहायला हवे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 94 वा नियम रोड रोलर आणि साखळीवर चालणारी वाहने वगळता मोटार वाहनांना हवेचेच टायर सांगतो. उद्या कोणी असे टायर आणून बसवले तरी पासिंगला गाडी अडेल.

जिथे वेग कमी आणि काटे फार, तिथे मात्र हा टायर आजच उपयोगी आहे. गवत कापणारी यंत्रे आणि छोटे लोडर यांच्यासाठी ट्वील विकला जातो. वाडीत बाभळीचे काटे तुडवणाऱ्या यंत्राला तो वरदान ठरावा.

आता हौसेच्या जुन्या गाड्या. प्रीमियर पद्मिनीचा टायर 5.20-14 मापाचा, अँबेसेडरचा 5.90-15. उंच, फुगीर कडा आणि मऊ चाल हे या गाड्यांचे रूप. अप्टिस टायर आणि चाक मिळून एकसंध येतो, म्हणजे मूळची रिम आणि तिची झळझळीत टोपी दोन्ही जाणार. शिवाय पद्मिनीचे सस्पेन्शन हवेच्या टायरचा मऊपणा गृहीत धरून बेतलेले; आऱ्यांची थरथर थेट जुन्या बुशांवर आणि सांध्यांवर येईल.

खरे दुखणे तर पंक्चरच्या पलीकडचे आहे. जुनी गाडी आठवड्यातून एकदा चालते, टायर झिजत नाही, पण म्हातारा होतो. रबर उभ्या उभ्या कडक होते, कडेला बारीक भेगा पडतात. बिनहवेच्या टायरची धावही रबराचीच, तिलाही वय चुकत नाही. म्हणून नक्षी शाबूत दिसली तरी टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचावेत: 3519 म्हणजे 2019 मधला 35 वा आठवडा. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर मधूनमधून थोडी पुढेमागे ढकलावी, नाहीतर टायर एकाच जागी चपटा बसतो. हवा थंड चाकात तपासावी, आणि ट्यूब बदलायची वेळ आली तर ते माप आधी शोधून ठेवावे. चारोटीच्या टपरीत ते हमखास मिळेलच असे नाही.