जरा मध्ये घ्या ना

दिवाळी अंकाचा शेवटचा फॉर्म छपाईला जायच्या आदल्या रात्री जाहिरातींचं एखादं पान परत येतंच. जाहिरातदार शेजारची खुर्ची ओढून बसतात, पडद्यावर बोट टेकवतात आणि म्हणतात, "ताई, हे जरा मध्ये घ्या ना." अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका डीटीपी सेंटरमध्ये मी नवीन होते तेव्हा असं कुणी म्हटलं, की मी लगेच माउस धरून ती वस्तू अंदाजाने सरकवायची. पलीकडच्या टेबलावरून आमचे काका म्हणायचे, "थांब बाळ. आधी विचार, कशाच्या मध्ये?"

पानाच्या मध्ये, चौकटीच्या मध्ये, की वरच्या मथळ्याच्या मध्ये? तिन्ही जागा वेगळ्या. आणि वस्तू ओळीत लावणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरला आपण आधी हेच सांगायचं असतं.

काकांनी उमेदीची वर्षं खिळे जुळवण्यात घालवली होती. लेटरप्रेसमध्ये मोकळी जागा ही हातात धरायची वस्तू होती. दोन शब्दांमध्ये स्पेस, ओळीच्या शेवटी क्वाड, दोन ओळींमध्ये शिशाची पट्टी, म्हणजे लेड. ओळ मध्ये घ्यायची तर दोन्ही बाजूंना सारखाच भरणा करायचा, आणि ओळ पुरती भरली नाही तर ती आवळलीच जायची नाही. काका म्हणायचे, "तुम्हाला पडद्यावर फक्त अक्षरं दिसतात. मधली जागा हाताला लागत नाही, म्हणून तुम्ही ती मोजत नाही." पुढे पेस्टिंगच्या काळात टी-स्क्वेअर, सेट स्क्वेअर आणि डिव्हायडर आले, तरी मोजणं हातातच राहिलं. ते हातातून गेलं संगणकामुळे.

संगणकाला हे काम सांगता येतं, हे फार आधी दाखवून झालं होतं. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी पीएचडीसाठी 'स्केचपॅड' हा प्रोग्रॅम मांडला. पडद्यावर लाइट पेनने ओबडधोबड रेषा काढायच्या आणि मग यंत्राला सांगायचं, की या दोन समांतर कर, या चार सारख्या लांबीच्या कर. यंत्र त्या तशा करून द्यायचं. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: ते नातं यंत्र लक्षात ठेवायचं. एक रेषा हलवली, की बाकीच्या आपापलं नातं सांभाळत हलायच्या. पुढे १९८७ साली इलस्ट्रेटर आणि १९८९ साली कोरलड्रॉ बाजारात आलं. या सॉफ्टवेअरमधली अलाइनची आज्ञा मात्र स्वभावाने वेगळी आहे. ती वस्तू एकदाच हलवते आणि विसरते. तुम्ही नंतर एक शब्द वाढवलात तर मध्ये बसवलेलं नाव मध्ये राहिलंच असेल, याची खात्री नाही. म्हणून मजकूर बदलला की जुळवणी पुन्हा करायची, ही सवय हाताला लावून घ्यावी लागते.

कोरलमध्ये हे काम एकेका अक्षराच्या बटणावर होतं. एल म्हणजे डावीकडे, आर उजवीकडे, टी वर, बी खाली. सी आणि ई एकामागोमाग दाबली की दोन वस्तूंचे मध्य एकमेकांवर बसतात, आणि पी दाबलं की वस्तू पानाच्या मध्यावर जाते. शिफ्ट धरून एकेक वस्तू निवडत गेलं, तर शेवटी निवडलेली जागची हलत नाही, बाकीच्या तिच्याकडे येतात. नवीन मुलं इथे चुकतात. चौकट आधी आणि नाव नंतर निवडतात, आणि नावाऐवजी चौकटच सरकते. इलस्ट्रेटरमध्ये सगळं निवडून झाल्यावर एका वस्तूवर पुन्हा क्लिक केलं, की तिच्याभोवती जाड कडा येते. ती झाली 'की ऑब्जेक्ट', मेढीसारखी रोवलेली. इंकस्केप हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर तर काकांचा प्रश्न सरळ यादी करून विचारतं: कशाच्या संदर्भात? शेवटी निवडलेल्या वस्तूच्या, सर्वांत आधी निवडलेल्या, सर्वांत मोठ्या, सर्वांत लहान, पानाच्या, की संपूर्ण चित्राच्या? कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं की ही खिडकी उघडते. मी शिकवताना मुलांना आधी हीच यादी वाचायला लावते.

ओळीत लावणं त्यातल्या त्यात सोपं. खरी कसोटी सारखं अंतर ठेवण्यात आहे.

एक पान डोळ्यांसमोर आणा. छपाईची रुंदी १८० मिलिमीटर आहे आणि खालच्या पट्टीत पाच प्रायोजकांचे लोगो आडवे लावायचे आहेत. त्यांच्या रुंद्या डावीकडून २०, ४५, ३०, २५ आणि २०. बेरीज १४०. उरले ४०. लोगो पाच, पण मधल्या फटी चारच, म्हणून प्रत्येक फट १० मिलिमीटरची. हा हिशोब काका कागदाच्या कोपऱ्यावर करायचे.

आता हेच पाच लोगो निवडून घाईघाईने 'मध्यांमध्ये सारखं अंतर' हे बटण दाबलं तर काय होतं? सॉफ्टवेअर दोन टोकांचे लोगो जागच्या जागी ठेवतं आणि मधल्या तिघांचे मध्य समान अंतरावर आणतं. पहिल्या लोगोचा मध्य १० वर, शेवटच्याचा १७० वर, म्हणजे मधले ५०, ९० आणि १३० वर. हिशोबाला चोख. पण फटी मोजा: ७.५, २.५, १२.५ आणि १७.५. रुंद लोगो शेजाऱ्याला जवळजवळ चिकटतो आणि उजवीकडे ओसाड जागा पडते. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळलेली असते, पण आपल्याला हवी होती ती आज्ञा ही नव्हे. आपल्याला हवं होतं 'फटींमध्ये सारखं अंतर', आणि ते बटण वेगळं आहे. वस्तू एकाच रुंदीच्या असतील तर दोन्ही बटणांचा निकाल एकच येतो, म्हणूनच हा फरक कित्येक वर्षं लक्षात येत नाही. दोन टोकं जागची हलत नाहीत, हेही ध्यानात ठेवायचं. आधी पहिला लोगो डाव्या मार्जिनला आणि शेवटचा उजव्या मार्जिनला नेऊन बसवायचा, मग बटण दाबायचं.

वेबसाइट करणाऱ्यांकडे या हिशोबाचे तीन प्रकार तयार मिळतात. 'स्पेस-बिटवीन'मध्ये टोकांना जागा सुटत नाही, मधल्या चार फटी १० च्या. 'स्पेस-इव्हनली'मध्ये टोकांनाही तेवढीच जागा सुटते, म्हणजे सहा फटी, प्रत्येकी ६.६७. 'स्पेस-अराउंड'मध्ये मधल्या फटी ८ च्या आणि टोकांना त्याच्या निम्म्या, ४ च्या. शिवाय तिथे स्केचपॅडचं जुनं शहाणपण परत आलं आहे: लोगो बदलला तरी अंतर आपोआप सांभाळलं जातं.

पण यंत्र मोजतं ते काय? आकृतीभोवतीची न दिसणारी आयताकृती पेटी. गोल असो, तारा असो की गणपतीची सोंड, यंत्राच्या लेखी चार कडांचा डबा. आउटलाइन जाड असेल तर तिची निम्मी जाडी आकृतीच्या कडेबाहेर येते. ती मोजायची की नाही, हे इंकस्केप तुम्हाला ठरवू देतं. एका चौकोनाला मऊ सावली दिलेली असेल तर तीही पेटीत धरली जाऊ शकते, आणि मग शेजारच्यांच्या ओळीत तो एकटाच उचलल्यासारखा दिसतो.

गोलात बसवलेला प्ले बटणाचा त्रिकोण पाहा. त्रिकोणाची रुंदी ६० असेल तर पेटीचा मध्य उभ्या बाजूपासून ३० वर येतो. पण त्रिकोणाचं वजन त्या बाजूकडे असतं, त्याचा गुरुत्वमध्य २० वरच असतो. म्हणून पेटी मध्ये बसवली की त्रिकोण डावीकडे घसरल्यासारखा दिसतो. तो टोकाच्या दिशेने १० पर्यंत सरकवावा लागतो. किती, ते डोळा सांगतो.

देवनागरीला या पेटीचा सर्वांत जास्त त्रास होतो, आणि त्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे. फ्लेक्सवर तीन नावं आडव्या ओळीत लावायची आहेत: नयन, कीर्ती, कुसुम. फाइल बाहेर छपाईला द्यायची म्हणून ऑपरेटर अक्षरं कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या होतात. मग तिघांना निवडून मध्य एका रेषेत आणतो. 'नयन'ला वर मात्रा नाही, खाली उकार नाही, त्याची पेटी शिरोरेषेपाशी संपते. 'कीर्ती'ला वर वेलांट्या आणि रफार, म्हणून पेटी वर वाढते आणि अक्षरं खाली ढकलली जातात. 'कुसुम'ला खाली उकार, म्हणून अक्षरं वर चढतात. तीन नावं, तीन शिरोरेषा, तीन उंच्या. वरच्या कडा जुळवल्या तरी तेच, 'कीर्ती' खाली लोंबकळते. रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात, आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात. आपला डोळा तीच रेषा पाहतो. ती तुटली की वाचणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण पाटी गबाळी दिसते. माझ्या भाषेच्या अक्षरांना रस्तोरस्ती असं उभं केलेलं पाहून मला वाईट वाटतं, कारण दुरुस्ती पाच मिनिटांची आहे.

अक्षरं कर्व्ह करण्याआधीच जुळवावीत. एकाच फाँटची, एकाच आकाराची अक्षरं तळरेषेवर जुळवली की शिरोरेषा आपोआप जुळते, आणि इंकस्केपमध्ये त्यासाठी वेगळं बटण आहे. फाइल कर्व्ह होऊनच आली असेल तर काकांची युक्ती वापरायची. 'नयन'च्या शिरोरेषेपासून तळापर्यंतच्या उंचीचा एक आयत काढायचा आणि त्याच्या प्रती करायच्या. प्रत्येक नावावर एक प्रत अशी ठेवायची, की वरची कड शिरोरेषेला टेकेल. मात्रा आणि उकार आयताबाहेर राहू द्यायचे. मग फक्त आयत ओळीत आणायचे, आणि त्यांच्या वरच्या कडेवर गाइडलाइन ओढून प्रत्येक नाव तिला शिरोरेषेने टेकवायचं. शेवटी आयत काढून टाकायचे.

फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांच्या फोटोंचंही असंच आहे. एकाला फेटा, एकाला टोपी, एकाचं डोकं उघडं. पेटीची वरची कड जुळवली की फेटेवाल्याचा चेहरा खाली जातो. तिथे ओळ डोळ्यांची धरायची.

गेल्या वर्षी आईने रांगोळीचा कागद मागितला. तिचा जुना, उदबत्तीने भोकं पाडलेला कागद विरत चालला होता. १५ ते ८ ठिपक्यांचा: मधली ओळ १५ ची, वर-खाली एकेक ठिपका कमी होत ८ पर्यंत. सगळे मिळून १६९ ठिपके. इंकस्केपमध्ये एक ठिपका काढला, ओळीच्या प्रती केल्या, फटी सारख्या केल्या. ओळीतल्या ठिपक्यांमधलं अंतर २ सेंटिमीटर धरलं, तर दोन ओळींमधलं अंतर २ ठेवून चालत नाही. प्रत्येक ठिपका सहाही शेजाऱ्यांपासून सारखा दूर हवा, म्हणून ओळी १.७३ सेंटिमीटरवर आल्या. जाड कागदावर छापून घेतलं आणि दोघींनी बसून भोकं पाडली.

नरक चतुर्दशीच्या पहाटे ती कागद घेऊन दारात बसली. मी फरशीच्या सांध्याला कागदाची कड लावून दिली. तिने दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, पुन्हा खाली बसली आणि कागद जरासा फिरवून उंबऱ्याला समांतर केला. फरशी बसवणाऱ्याने ती किंचित तिरकी बसवली आहे, हे घरात इतकी वर्षं राहून मला कधी दिसलं नव्हतं. मग तिने कागदावर मूठभर रांगोळी पसरली, तळव्याने फिरवली आणि कागद सरळ वर उचलला.