काचबिंदूची जखम आणि चिनी झाडपाला



घरातील वडीलधारे माणूस काचबिंदूची शस्त्रक्रिया करवून परत आले की भेटीस येणारा प्रत्येकजण एखादे औषध सुचवून जातो. अलीकडे या सूचनांत चिनी वनस्पतींची भर पडली आहे. गोळ्या, चूर्णे, वाळलेली तांबडी फळे, फुलांचा चहा असे पुष्कळ काही आता आपल्याकडेही विकत मिळते. आणि ‘झाडपाल्याने अपाय तो कसला?’ असे म्हणून ते निःशंकपणे घेतले जाते. या समजुतीत तथ्य किती व धोका किती, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

प्रथम रोगाची ओळख करून घेऊ. मोतीबिंदू व काचबिंदू ही नावे सारखी वाटली तरी रोग निराळे आहेत. मोतीबिंदूत डोळ्याचे भिंग गढूळ होते. ते काढून नवे बसविले की माणसास पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्याच्या आत सतत तयार होणाऱ्या पाण्याचा निचरा नीट होत नाही. हे पाणी म्हणजे अश्रू नव्हेत. ते आत साठले की डोळ्याचा दाब वाढतो आणि दृष्टीची नस हळूहळू मरू लागते. हा दाब सामान्यतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. परंतु काहींची नस तेवढ्या दाबानेही झिजते. बहुधा कडेची दृष्टी आधी जाते, म्हणून रोग्यास फार उशिरापर्यंत काहीच कळत नाही. मेलेली नस पुन्हा जिवंत करण्याचे औषध आज कोठेही नाही. शस्त्रक्रिया करावयाची ती उरलेली दृष्टी राखण्यासाठी.

या शस्त्रक्रियेची सर्वांत परिचित पद्धत केंब्रिज येथील डॉक्टर केर्न्स यांनी १९६८ साली वर्णिली. तीत बुबुळाच्या वरच्या कडेजवळ, डोळ्याच्या पांढऱ्या भागात, एक सूक्ष्म वाट करतात. आतले पाणी त्या वाटेने बाहेरच्या पातळ पडद्याखाली येते आणि तेथे वरच्या पापणीआड एक लहानसा फुगवटा तयार होतो. येथेच या जखमेचे वैशिष्ट्य आहे. इतर कोणतीही जखम लवकर भरून यावी अशी आपली इच्छा असते. ही जखम मात्र वरून मिटावी, पण आतून पुरती बुजू नये. आत घट्ट वण धरला की केलेली वाट बंद होते आणि दाब पुन्हा चढतो. म्हणून पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या वेळीच मायटोमायसिन नावाचे औषध काही मिनिटे तेथे लावतात, आणि नंतर कित्येक आठवडे वण रोखणारे थेंब घालावयास सांगतात. ‘जखम झटपट भरते’ म्हणून कोणी एखादे औषध आणून दिले, तर ते या डोळ्यास हितकारक असेलच असे मुळीच नाही.

आता चिनी वैद्यकाकडे वळू. त्याच्याविषयी आमच्या मनात अनादर नाही. पोलंडचे येशूसंघीय धर्मगुरू मिखाएल बोइम १६५१ साली चीनहून रोमला जाताना गोव्यास उतरले होते; चीनमधील वनस्पतींवरील त्यांचा ग्रंथ १६५६ साली व्हिएन्ना येथे छापला गेला, आणि चिनी वैद्यकाची ओळख युरोपास करून देणाऱ्या पहिल्या मंडळींत त्यांची गणना होते. चिनी वैद्यांच्या मते डोळा हे यकृताचे द्वार आहे; क्रोध व शोक यांमुळे यकृतात अग्नी भडकतो आणि त्याचा वारा डोळ्यांत शिरतो. म्हणूनच जुन्या ग्रंथांत या रोगाचे नाव ‘हिरव्या वाऱ्याचा आंतरपडदा’ असे आढळते. शस्त्रक्रियेनंतर रक्त साकळले व पाणी अडले असे मानून ते रक्तास चालना देणारी व पाण्यास वाट करून देणारी द्रव्ये योजतात. दानशनचे मूळ हे त्यांपैकी प्रमुख. पुढे डोळ्यास पुष्टी यावी म्हणून गौची नावाची तांबडी फळे आणि आपल्या ओळखीची शेवंती देतात.

याचा प्रत्यक्ष उपयोग किती? गौचीच्या फळांतील अर्काने उंदरांच्या डोळ्यांतील मज्जापेशी वाढलेल्या दाबातही काही अंशी वाचल्या, असे हाँगकाँग येथील प्रयोगांत दिसले आहे. चीनमध्ये रुग्णांच्याही पाहण्या झाल्या आहेत. पण त्यांतील पुष्कळ लहान व थोड्या काळाच्या आहेत, आणि तेवढ्यावरून निर्णय देता येत नाही. झाडपाल्यातून खरे औषध निघू शकते, हे मात्र निर्विवाद आहे. काचबिंदूवर वापरले गेलेले पायलोकार्पिन हे थेंब १८७०-८० च्या दशकात ब्राझीलच्या एका झुडपातूनच मिळाले. परंतु त्यातील द्रव्य वेगळे काढले गेले, मोजले गेले आणि परीक्षा पाहून मगच डोळ्यात घातले गेले.

आणि ज्यात गुण असतो त्यात अवगुणही असू शकतो. दानशन रक्ताचे साकळणे कमी करते. हृदयविकारासाठी वॉरफरिन घेणाऱ्यास त्याने रक्तस्राव होऊ शकतो. गौचीच्या बाबतीतही तसे प्रसंग नोंदले गेले आहेत. ताज्या शस्त्रक्रियेच्या डोळ्यात रक्त उतरणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पुष्कळ चिनी काढ्यांत ज्येष्ठमध असते. ते फार दिवस घेतल्यास शरीरातील पोटॅशियम घटते. दाब उतरविणाऱ्या अॅसिटाझोलामाइडच्या गोळ्यांनीही तेच होते. चिनी दम्याच्या औषधांत कधी धोतरा असतो. त्याने बाहुली विस्फारते, आणि दुसऱ्या डोळ्याचा निचऱ्याचा कोन अरुंद असल्यास तेथे एकाएकी झटका येऊ शकतो.

याहून गंभीर उदाहरण ‘लोंगदान शिएगान’ या गोळ्यांचे. यकृताचा अग्नी शमवून लाल, ठणकणारा डोळा बरा करण्यासाठी त्या प्रसिद्ध आहेत. त्यांत मुथोंग नावाची वेल लागते. पण कित्येक वर्षे तिच्या जागी आपल्याकडील ईश्वरीच्या कुळातली एक विषारी वेल घातली जात असे. त्या कुळातील वेलीने मूत्रपिंडे निकामी होतात, हे बेल्जममधील डॉक्टरांनी १९९३ साली दाखवून दिले. अखेर २००३ साली खुद्द चीन सरकारने त्या वेलीस बंदी केली.

मग करावे काय? कोणतेही चिनी, आयुर्वेदिक वा घरगुती औषध घ्यावयाचे असल्यास त्याची पुडी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावी. ती लपविण्यात लाज राखली जात नाही, डोळा मात्र गमावला जातो. डॉक्टरांचे थेंब त्यांना विचारल्याविना एक दिवसही बंद करू नयेत. शेवंतीचे पाणी, मध किंवा पाल्याचा रस डोळ्यात मुळीच घालू नये. त्या फुगवट्यावरील पडदा फार पातळ असतो आणि जंतू आत शिरण्यास वेळ लागत नाही. डोळा लाल झाला, दुखू लागला, त्यातून पू आला किंवा अंधुक दिसू लागले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मग शस्त्रक्रियेस कितीही वर्षे लोटलेली असोत. डोळा दुखत नसला तरी दाब तपासण्याची तारीख चुकवू नये.

आणखी एक गोष्ट कुटुंबीयांनी ध्यानात ठेवावी. काचबिंदू बहुधा घराण्यात उतरतो. आईच्या किंवा वडिलांच्या डोळ्यांत थेंब घालणाऱ्या मुलांनी, विशेषतः चाळिशी ओलांडलेल्यांनी, आपले स्वतःचे डोळेही त्याच खेपेस तपासून घ्यावेत. दुरून मागविलेल्या महागड्या पुडीपेक्षा ती तपासणी अधिक दृष्टी वाचवील, याविषयी आम्हांस शंका नाही.