इव्हलिन, ममी आणि माझी आर्ट्‌सची अ‍ॅडमिशन

आधीच सांगते, तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा जन्म व्हायच्या आधीचा पिक्चर आहे हा. टॉम क्रूझचा २०१७ चा ‘द ममी’ बघितला असाल, तर तो विसरून जा. मी बोलतेय १९९९ च्या ‘द ममी’बद्दल. दिग्दर्शक स्टीफन सॉमर्स. ब्रेंडन फ्रेझर, रेचल वाईझ, तुळतुळीत गोटा केलेला आर्नोल्ड वोस्लू आणि कातडीखालून पळणारे ते किडे!

दहावीची परीक्षा संपली होती, निकाल यायचा होता. कराडला आमचा केबलवाला रात्री जेवणाच्या वेळेला पिक्चर लावायचा. हिंदीत डब केलेला ‘द ममी’ त्या सुट्टीत त्याने किमान चार वेळा लावला आणि आम्ही चारही वेळा बघितला. किडे आले की आजी तोंडावर पदर घ्यायची आणि पदराआडून सगळं बघायची. दादाला फ्रेझरचा ओ’कॉनेल आवडायचा. दोन हातांत दोन पिस्तुलं, गोळ्या संपल्या की बुक्के. मला मात्र इव्हलिनने खिशात टाकलं होतं.

पिक्चर बघितला नसेल तर थोडक्यात सांगते. इव्हलिन कैरोच्या संग्रहालयातली लायब्रेरियन. पहिल्याच सीनमध्ये शिडीवरून तोल जातो आणि अख्ख्या लायब्ररीतली कपाटं एकावर एक कोसळतात. विद्वानांच्या मंडळाने तिचा अर्ज नाकारलेला असतो, कारण काय तर फील्डचा अनुभव नाही. पुढे वाळवंटात शेकोटीपाशी, दारू चढलेली असताना, ती ओ’कॉनेलला ऐकवते की मी तुझ्यासारखी बंदूकवाली नसेन, पण मी जी आहे तिचा मला अभिमान आहे. काय आहेस? तर लायब्रेरियन! सगळे हसतात त्या सीनला. मीही हसले. पण पुस्तकं वाचणारी, चष्मा लावणारी मुलगी अ‍ॅक्शन पिक्चरमध्ये नुसती वाचवायची वस्तू नसते आणि प्राचीन लिपी वाचता येते म्हणून सगळ्यांना तीच वाचवते, हे मी तोवर कुठे बघितलंच नव्हतं.

निकाल लागला. ८४ टक्के. घरात सायन्सचा फॉर्म आधीच आणून ठेवलेला. मी म्हटलं, आर्ट्‌स घेणार, इतिहास करणार. काका म्हणाले, “एवढे मार्क पाडून आर्ट्‌स?” बाबा काहीच बोलले नाहीत, आणि ते जास्त अवघड होतं. दोन दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज. तिसऱ्या दिवशी त्यांनी फॉर्मवर सही केली आणि म्हणाले, “नंतर आम्हाला बोलायचं नाही.” यामागे एक पिक्चर आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही. तुम्ही तरी सांगितलं असतंत का?

मग बी.ए., मग पुण्याला डेक्कन कॉलेजमध्ये पुरातत्त्वात एम.ए. आणि तिथे माझ्या लाडक्या पिक्चरच्या एकेक चिंध्या व्हायला लागल्या.

खरा इम्होतेप खलनायक नव्हताच. तो राजा जोसेरचा मंत्री. सक्काराचा पायऱ्यांचा पिरॅमिड उभारण्याचं श्रेय त्याला देतात. पुढे इजिप्तच्या लोकांनी त्याला वैद्यकाचा देव मानलं. पिक्चरमध्ये तो राजा सेती पहिला याच्या काळात, म्हणजे खऱ्या काळानंतर जवळजवळ चौदाशे वर्षांनी, राजाच्याच बाईच्या प्रेमात पडतो. ममी करताना आतले अवयव ज्या बरण्यांत ठेवत, त्या पाच नव्हत्या, चार होत्या : यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी. हृदय शरीरातच ठेवायचे, कारण परलोकात त्याचं वजन एका पिसाशी तोललं जाणार अशी श्रद्धा होती. ‘मृतांचं पुस्तक’ हे काही काळं जाडजूड पुस्तक नव्हे. ते पपायरसच्या गुंडाळ्यांवर लिहिलेले मंत्र. मेलेल्याला उठवण्यासाठी नाही, तर त्याचा पुढचा प्रवास नीट व्हावा म्हणून. आणि ते माणसं खाणारे किडे? ते शेणकिडे. बिचारे शेणाचे गोळे ढकलतात. इजिप्तमध्ये ते उगवत्या सूर्याचं प्रतीक होते.

शूटिंगसुद्धा इजिप्तमध्ये नाही, मोरोक्कोत झालं.

एक गोष्ट मात्र त्यांनी मनापासून केली होती. पात्रं जी प्राचीन इजिप्शियन बोलतात, ती बडबड नाही. स्टुअर्ट टायसन स्मिथ नावाच्या इजिप्तच्या अभ्यासकाने ती भाषा त्यांच्यासाठी जुळवून दिली. ते लोक लिहिताना स्वर लिहीतच नसत, त्यामुळे उच्चार अंदाजानेच बांधावे लागतात. हे कळलं त्या रात्री हॉस्टेलवर मी पिक्चर पुन्हा लावला आणि फक्त वोस्लूचे संवाद ऐकत बसले.

आणि फ्रेझर. सुरुवातीला त्याला फाशी देतात तो सीन आठवतो? त्या शूटिंगमध्ये फास खरोखरच आवळला गेला आणि तो बेशुद्ध पडला, हे त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं. २००८ च्या तिसऱ्या भागापर्यंत शरीर टेप आणि बर्फावर चाललं होतं. मग पाठीच्या, गुडघ्याच्या, स्वरयंत्राच्या शस्त्रक्रिया, वर्षानुवर्षं हॉस्पिटलच्या फेऱ्या. मोठ्या पिक्चरमधून तो जवळपास गायबच झाला. आम्ही चार वेळा शिट्ट्या मारत बघितलेली मारामारी त्याच्या मणक्यात जाऊन बसली होती, आणि आम्हाला पत्ताच नव्हता. २०२३ मध्ये ‘द व्हेल’साठी त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा दादाने पहाटे फोन केला. दादा आता बँकेत आहे, एरवी पहाटे फोन करत नाही. दोघंही काही फारसं बोललो नाही.

माझ्या फील्डचा अनुभव विचाराल, तर तो असा : उन्हात चर खणायचा, ब्रशने माती झाडायची, खापरं धुऊन वाळत घालायची, प्रत्येकावर नंबर टाकायचा. पहिल्या सीझनला सोन्याचं पुस्तक सोडा, धड अख्खं मडकंसुद्धा मिळालं नाही. पगार दादाच्या निम्मा, तोही कंत्राटी. अजून लागते ती धाकधूक दर मार्चला. खोटं कशाला बोलू? पण खापराच्या काठावर कुणाच्या तरी बोटाचा ठसा दिसतो तेव्हा मी आसपासच्या सगळ्यांना बोलावून दाखवते, अजूनही.

खरी ममी मी बघितली ती बडोद्याला. कमाटी बागेतल्या संग्रहालयात आहे, सयाजीराव महाराजांनी आणवलेली. अभ्यास सहलीला गेलो होतो. मला वाटलं होतं अंगावर काटा येईल. उलट ओशाळल्यासारखं झालं. काचेमागे एक माणूस होतं. कुणीतरी त्याला जपून गुंडाळलं होतं, पुढचा प्रवास नीट व्हावा म्हणून, आणि त्या प्रवासात ते इथे आमच्यासमोर पोचलं होतं. मी वहीत काही लिहिलं नाही.

तेवढ्यात एका शाळेची पोरं धडधडत आत आली. त्यातल्या एका चिमुरडीने काचेला नाक लावलं आणि तिथल्या काकांना विचारलं, “रात को उठती है क्या?”

काका म्हणाले, “नहीं बेटा, बहुत थकी हुई है.”

ती बराच वेळ तिथेच उभी होती. बाकीची पोरं पुढे गेली, बाई हाका मारत होत्या, तरी.