भाला का टिकला?

मांजरसुंब्याचा घाट उतरून बीडमार्गे गेवराई तालुक्यात गेले की गोदाकाठी राक्षसभुवन लागते. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव आणि रघुनाथराव पेशव्यांच्या फौजेने येथे निजामाच्या सैन्याचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत मारला गेला. तोफा आणि बंदुका तोवर दख्खनमध्ये रुळल्या होत्या. तरीही मराठा स्वारांनी भाला सोडला नव्हता. असे का?

पहिले कारण अंतराचे. तलवारीचे पाते साधारण तीन फुटांचे, भाला आठ-दहा फुटांचा. सेकंदाला पाच मीटर वेगाने धावून येणाऱ्या शत्रूला हे जादाचे पाच-सहा फूट ओलांडायला सुमारे एक तृतीयांश सेकंद लागतो. डोळ्यांनी पाहिलेल्या हालचालीवर हात हलायला साधारण पाव सेकंद जातो. म्हणजे भाला हाती असेल, तर शरीराला प्रतिसाद द्यायला पुरेसा वेळ मिळतो.

दुसरे कारण दाबाचे. तेवढेच बळ एक चौरस सेंटिमीटरऐवजी एक चौरस मिलिमीटरवर एकवटले, तर दाब शंभरपट होतो. त्यात दौडत्या घोड्याचा वेग मिळाला, की जाड अंगरख्याचाही निभाव लागत नसे.

तिसरे कारण खर्चाचे. तलवारीला हातभर चांगले पोलाद लागते, भाल्याला फक्त टोकापुरते लोखंड. नांगराचा फाळ घडवणारा गावचा लोहारही ते करू शके. दांड्याला वेळू चाले. वेळूचे बळकट तंतू बाहेरच्या सालीजवळ दाट असतात आणि आत पोकळी असते, म्हणून तो हलका असूनही सहज मोडत नाही. पेरणी उरकून मोहिमेवर निघणाऱ्या कुणब्याला हे शस्त्र परवडे.

भाल्याची उणीवही होती. शत्रू टोकाच्या आत शिरला, की लांब दांडा अडचणीचा ठरे, म्हणून कमरेला तलवार असे. ‘विटा’ या मराठी भाल्याला दोरी असे. त्यामुळे फेकलेले शस्त्र परत ओढता येई.

शरीराचा हा हिशेब आजही बदललेला नाही. मांजरसुंब्याच्या चौफुल्यावरून ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते, आणि अचानक समोर काही आले तर ब्रेकवर पाय पडायला बहुधा तेवढा वेळ जातोच. पुढच्या वाहनापासून राखलेले अंतर म्हणजे हाताशी ठेवलेला वेळ. रणांगणावर तो भाला देत असे, रस्त्यावर तो आपणच राखायचा असतो.