आपत्तीत मानसिक आधार देणाऱ्यांच्या मनावरील भार : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर आपद्ग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न मराठवाड्यात गांभीर्याने पुढे आला. मात्र त्यांना आधार देणाऱ्यांच्या मनाचे काय, हा प्रश्न तुलनेने उपेक्षित राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा बीड जिल्ह्याच्या संदर्भात विचार केला आहे.

संकल्पना :
कामाच्या अतिरेकाने हळूहळू येणारी कार्यक्षीणता आणि परदुःख ऐकून होणारा आघात यांत भेद करणे आवश्यक आहे. दुसऱ्या अवस्थेस अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये 'करुणाजन्य थकवा' या संकल्पनेतून मांडले. ऐकलेले प्रसंग वारंवार आठवणे, झोप उडणे, चिडचिड, भावनिक बधिरता व अपराधभाव ही त्याची प्रमुख लक्षणे होत. रजेने कार्यक्षीणता काहीशी ओसरते. मनात साठलेल्या कथा मात्र रजेने पुसल्या जात नाहीत.

बीडमधील स्वरूप :
भूकंप क्षणात होतो. दुष्काळ वर्षानुवर्षे चालतो. २०१५ मध्ये राज्य शासनाने शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात बीडचाही समावेश झाला. गावपातळीवर नैराश्यग्रस्त व्यक्ती ओळखण्याचे काम आशा स्वयंसेविकांकडे आले. बाहेरून आलेले पथक काम संपताच परतते. आशाताई मात्र त्याच गावात राहते. कोरडी विहीर, कर्ज, ऊसतोडीसाठीचे स्थलांतर हे तिच्या घरचेही वास्तव असू शकते. भेट दिलेल्या घरात आत्महत्या घडली, तर 'आपण कमी पडलो' ही बोचणी घेऊन तिला रोज त्याच दारावरून जावे लागते.

उपाययोजना :
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ मधील मानसिक प्रथमोपचार मार्गदर्शिकेत मदतकर्त्याने स्वतःची व सहकाऱ्यांची काळजी घेण्यावर भर आहे. तथापि ही जबाबदारी केवळ व्यक्तीवर टाकणे पुरेसे नाही. प्रशिक्षित व्यक्तीसमवेत नियमित गटचर्चा, कामाची आलटूनपालटून वाटणी आणि आत्महत्येच्या घटनेनंतर संबंधित कार्यकर्तीला त्वरित आधार, ही व्यवस्था कार्यक्रमाच्या आराखड्यातच असावी. मात्र घडलेला प्रसंग सांगण्याची सक्ती कोणावरही करू नये. या चर्चा कामाच्या मूल्यमापनापासून अलिप्त ठेवाव्यात. अन्यथा भीतीपोटी कोणी मोकळेपणाने बोलणार नाही.

समारोप :
मदतकर्त्याचे अश्रू हे त्याच्या दुर्बलतेचे नव्हे, तर कामाच्या स्वरूपाचे लक्षण आहे. जिथे कार्यकर्ती स्वतःच आपत्तीच्या छायेत जगते, तिथे तिची काळजी हा मदतकार्याचाच भाग मानला पाहिजे. समाजकार्य व मानसशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयांनी अशा गटचर्चांची जबाबदारी स्वीकारल्यास मराठवाड्यातील एक मोठी उणीव भरून निघेल.