भयपटाविषयी प्रेक्षकांची साक्ष

ज्या चित्रपटात नामांकित नट नाही, ज्याच्या पाठीशी बड्या कंपनीचा खजिना नाही आणि ज्याची दवंडी पिटण्यापुरताही पैसा शिल्लक उरलेला नाही, अशा चित्रपटाचे भवितव्य सर्वस्वी त्या अनामिक मंडळींच्या हाती असते, जी पदरमोड करून तिकीट काढतात, काळोखात दोन घटका बसतात आणि बाहेर पडल्यावर आपले मत चारचौघांत बोलून दाखवतात. भयपटाच्या बाबतीत तर या मताला विशेष प्रामाण्य असते. कारण करुण प्रसंगी डोळे पुसणे किंवा विनोदी वाक्याला हसणे पुष्कळदा केवळ शिष्टाचारानेही घडते, परंतु अंगावरचा काटा कोणाच्या भिडेखातर उभा राहत नाही. असे असूनही अल्प खर्चाच्या स्वतंत्र भयपटांविषयीचे लोकमत विलक्षण दुभंगलेले आढळते. एकाच खेळाहून परतणाऱ्या दोघांपैकी एकजण चित्रपटाला अद्वितीय म्हणतो आणि दुसरा पैसे बुडाल्याची फिर्याद करतो. या दोन जबान्यांपैकी खरी कोणती, असे आपण सहज विचारतो. परंतु दोन्ही खऱ्या असू शकतात आणि बहुधा असतातच, हे एका चित्रपटाच्या इतिहासावरून फार स्पष्टपणे दिसते.

तो चित्रपट म्हणजे ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’. अमेरिकेतील पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरात जॉर्ज रोमेरो नावाचा तरुण आपल्या मित्रांसह जाहिरातपट काढीत असे. १९६७ साली या मंडळींनी दहा भागीदारांकडून प्रत्येकी सहाशे डॉलर गोळा करून चित्रपटाला हात घातला. पुढे आणखी भांडवल मिळत गेले आणि एकंदर खर्च सुमारे १,१४,००० डॉलरांवर गेला. हॉलिवूडच्या मानाने ही रक्कम अगदीच क्षुल्लक होती. इव्हान्स सिटीजवळचे, पाडण्यासाठी नेमलेले एक शेतघर त्यांनी मिळवले. भागीदारांपैकीच काहीजण नट झाले. आणि चित्रपट कृष्णधवल असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेटचा पाक खपून गेला. कथानक थोडक्यात असे, की मृत माणसे उठून जिवंतांचे भक्षण करू लागतात, आणि त्यांच्या भयाने एका घरात कोंडली गेलेली सात माणसे रात्रभर बाहेरच्या संकटाशी आणि त्याहूनही अधिक परस्परांशी झगडत राहतात. चित्रपट घेण्यास उत्सुक असलेल्या एका वितरक कंपनीने शेवट बदलून सुखाचा करण्याची अट घातली होती. ती निर्मात्यांनी मान्य केली नाही.

१ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन थिएटरमध्ये पहिला खेळ झाला आणि लवकरच हा चित्रपट गावोगावच्या चित्रपटगृहांत पोहोचला. त्या काळी अमेरिकेत भयपट हे शनिवारच्या दुपारी मुलांनी पाहावयाचे करमणुकीचे साधन समजले जात असे, आणि आईबाप मुलांना निर्धास्तपणे चित्रपटगृहाच्या दाराशी सोडून जात. आपल्याकडे केवळ प्रौढांसाठी असा दाखला देण्याची तजवीज १९५२ च्या कायद्यातच होती. अमेरिकेत मात्र वयानुसार श्रेणी ठरवण्याची पद्धत १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे हा चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर, सुरू झाली. परिणामी पुष्कळ ठिकाणी या चित्रपटाचा पहिला प्रेक्षकवर्ग म्हणजे शाळकरी पोरे होती. शिकागोचे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी अशाच एका दुपारच्या खेळाचा वृत्तांत १९६९ च्या जानेवारीत लिहिला, आणि त्यात चित्रपटापेक्षा सभागृहाचेच वर्णन अधिक आहे. आरंभी हौसेने किंकाळ्या फोडणारी मुले उत्तरार्धात एकाएकी स्तब्ध झाली आणि एक लहान मुलगी जागच्या जागी बसून रडू लागली, असे त्यांनी नमूद केले. चित्रपटव्यवसायाचे प्रमुख वृत्तपत्र असलेल्या ‘व्हरायटी’नेही निर्माते, वितरक आणि चित्रपटगृहांचे चालक या सर्वांच्या नीतिमत्तेवर कडक ताशेरे ओढले.

त्या मुलांना नेमके कशाने घाबरवले, हे पाहिले म्हणजे प्रकरणाचे मर्म ध्यानी येते. भुताखेतांच्या, राक्षसांच्या गोष्टी त्यांनी यापूर्वी पुष्कळ पाहिल्या होत्या. पण त्या प्रत्येक गोष्टीत एक अलिखित करार असे, की संकट कितीही घोर असले तरी प्रेमी युगुल वाचेल, आई आणि मूल यांच्या नात्याला धक्का लागणार नाही, आणि धैर्यवान नायक अखेरीस उजेडात येईल. रोमेरोने हा करार एकेका कलमासह मोडून टाकला. प्रेमी युगुल आगीत जळून मरते. मरून उठलेली मुलगी स्वतःच्या आईचा जीव घेते. आणि सारी रात्र शर्थीने झुंजून एकटा उरलेला नायक सकाळी मदतीसाठी आलेल्या बंदूकधाऱ्यांच्याच गोळीला बळी पडतो, कारण ते त्यालाही उठलेले प्रेत समजतात. हा नायक ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाने साकारला होता. भूमिका लिहिताना वर्णाचा विचार केलेला नव्हता. परीक्षेत त्याचा अभिनय सरस ठरला म्हणून त्याची निवड झाली, असे रोमेरो पुढे सांगत असे. परंतु १९६८ च्याच एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झालेली होती. बंदुका घेतलेल्या गोऱ्यांच्या जमावाने त्या निरपराध माणसाला टिपणे, आणि त्यानंतर वृत्तपत्रांतील छायाचित्रांसारख्या भरड, स्थिर चित्रांतून त्याचे शव आकड्यांनी ओढून नेले जाणे, हे ज्या प्रेक्षकांनी त्या वर्षी पाहिले, त्यांना ही केवळ प्रेतांची कहाणी वाटणे शक्यच नव्हते.

१९७० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने हा चित्रपट दाखवला, आणि मध्यरात्रीच्या खेळांना तरुण पुनःपुन्हा गर्दी करू लागले. शिवाय निर्मात्यांच्या दुर्दैवाने प्रेक्षकांचे एक भले केले. वितरकांनी चित्रपटाचे मूळ नाव बदलले तेव्हा नव्या नामफलकावर स्वामित्वहक्काची सूचना घालावयाची राहून गेली, आणि तत्कालीन कायद्यानुसार चित्रपटावरील हक्कच नष्ट झाला. कोणीही तो दाखवावा, कोणीही त्याच्या प्रती काढाव्यात, अशी मुभा जगाला मिळाली. ज्यांनी घाम गाळला त्यांच्या हक्काचे उत्पन्न बुडाले, हा अन्यायच होय. तथापि त्यामुळे चित्रपट लाखो लोकांपर्यंत गेला आणि त्याच्याविषयीचे मत कोणाच्याही जाहिरातीविना पिकत राहिले. अखेरीस १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

आता पहिल्या दुपारची ती रडणारी मुलगी आणि पुढील पिढीचे ते गुणग्राहक यांच्या साक्षी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात. मुलीने जे सोसले आणि रसिकांनी जे वाखाणले ते एकच होते: या चित्रपटाने कोणालाही दिलासा दिला नाही. दिलाशाच्या भरवशावर आलेल्या बालमनाला ती क्रूर फसवणूक झाली, आणि तो भरवसा मागे ठेवून आलेल्या प्रौढाला तेच त्या काळाविषयीचे निर्भीड सत्य भासले. म्हणून निंदा करणारे अडाणी होते आणि स्तुती करणारे जाणते, अशी वाटणी करणे मला अन्यायाचे वाटते. भयपटाविषयीच्या मतांत अनुकूल किती आणि प्रतिकूल किती याची बेरीज करण्यापेक्षा दोन्ही पक्ष कोणत्या एका गोष्टीकडे बोट दाखवीत आहेत हे शोधावे. चित्रपटाचा खरा स्वभाव बहुधा तेथेच असतो.

त्याच १९९९ साली आलेला ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ या नियमाची दुसरी प्रचीती देतो. डॅनिएल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी मेरीलँडच्या अरण्यात सुमारे आठ दिवसांत त्याचे चित्रीकरण उरकले. तीन नटांच्याच हाती कॅमेरे दिले, आणि वाट चुकलेल्या विद्यार्थ्यांनी मागे ठेवलेले खरे चित्रण म्हणून ते लोकांपुढे मांडले. जगभरात त्याने सुमारे चोवीस कोटी ऐंशी लाख डॉलर मिळवले. मात्र चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मते नोंदवणाऱ्या सिनेमास्कोअर या संस्थेच्या पाहणीत त्याला जेमतेम ‘सी प्लस’ ही श्रेणी मिळाली. चेटकीण शेवटपर्यंत दिसतच नाही, ही रागावलेल्यांची तक्रार. आणि चेटकीण शेवटपर्यंत दिसत नाही म्हणूनच झोप उडाली, ही भारावलेल्यांची कबुली. येथेही साक्ष एकच, फक्त अपेक्षा निराळ्या.

आपल्या मातीतील उदाहरण घ्यावयाचे तर राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’चे घ्यावे. खर्चाने तो वरील दोहोंच्या पंक्तीत बसत नसला तरी रुळलेल्या वाटेवरचा तो खचितच नव्हे. नारायण धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेला हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा तिकीटबारीवरील प्रतिसाद माफकच होता; परंतु सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवून गेला. मधल्या सहा वर्षांत चित्रपटाचा एकही कण बदललेला नव्हता. बदलले होते ते प्रेक्षकांचे परस्परांतील बोलणे: हा पिशाचाइतकाच माणसाच्या लोभाचा चित्रपट आहे, हे एकाने दुसऱ्याला सांगितले आणि दुसरा त्या तयारीने आत गेला.

यातून प्रेक्षकावर एक जबाबदारी येते, आणि ती मी मनापासून महत्त्वाची मानतो. अशा चित्रपटाला कर्णोपकर्णी पसरणाऱ्या कीर्तीवाचून दुसरा आधार नसतो. तेव्हा ‘चांगला’ किंवा ‘भिकार’ असा एका शब्दाचा निवाडा देऊन मोकळे होणे म्हणजे अर्धीच साक्ष देणे होय. मी काय अपेक्षून गेलो होतो, कोणत्या क्षणी घाबरलो वा कंटाळलो, आणि घरी परतल्यावर मनात काय उरले, एवढे जो प्रामाणिकपणे सांगेल त्याचे प्रतिकूल मतसुद्धा दुसऱ्या एखाद्या रसिकाला योग्य चित्रपटाच्या दाराशी नेऊन पोहोचवील. उसनवारीच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या कलावंताला प्रेक्षकाकडून सवलतीची भीक नको असते. संपूर्ण आणि खरी साक्ष मात्र हवी असते, आणि ती देणे आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे.